प्रस्थानाचा नारळ

रत्नागिरीच्या खालच्या आळीत यमुनाबाईंचं आणि वासंतीचं घर शेजारी शेजारी. मधे चिऱ्यांचा गडगा, आणि त्या गडग्याला माणूस अंग चोरून जाईल एवढं खिंडार. ते बुजवायचं असं वासंतीचे यजमान चिंतामणी दरवर्षी ठरवत आणि दरवर्षी ते राहून जाई, कारण दोघी बायकांचं अर्धं आयुष्य त्या खिंडारातून इकडून तिकडे गेलेलं. आमटीची वाटी त्यातून जाई, थर्मामीटर त्यातून येई, आणि आळीत कुणाचं काय बिनसलंय ही बातमी तर आधी तिथूनच शिरे.

तर अशा त्या वासंतीला साठाव्या वर्षी विमानात बसायचा योग आला. तोही साधासुधा नव्हे. तिची लेक सावनी ऑकलंडला, म्हणजे पार न्यूझीलंडात, आणि तिला सातवा महिना लागलेला. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पहिलटकरणीजवळ कुणीतरी घरचं माणूस हवं, म्हणून आईला बोलावणं आलं. चिंतामणींचे गुडघे कामातून गेलेले, त्यांना सिनेमा संपेपर्यंत खुर्चीत बसवत नाही, ते विमानात काय बसणार? तेव्हा वासंती एकटीच जाणार. जी बाई उभ्या जन्मात नाशिकच्या पुढे गेली नव्हती, ती समुद्रामागून समुद्र ओलांडून एकटी जाणार.

चिंतामणी बंदर खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लाँचींची ये-जा बघितली, आता विमानाची बघायला मिळाली तेव्हा गडी असा खुलला की विचारू नका. सावनीचा शाळेतला पृथ्वीगोल त्यांनी माळ्यावरून काढला, फडक्याने पुसला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि एक टोक मुंबईवर दाबून दुसरं ऑकलंडवर नेलं. दोरा मोजून हिशोब झाला तो बारा हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे रत्नागिरीहून मुंबईला एसटीने तीस-पस्तीस वेळा जावं तेवढं, असं ते दूधवाल्याला सांगत, रिक्षावाल्याला सांगत, आणि कुणी नसलं तर वासंतीला सांगत. सिंगापूरला विमान बदलायचं, पण सिंगापूरही दोऱ्याखालीच येतं, वाकडी वाट अजिबात नाही, याचं त्यांना इतकं समाधान की जणू सिंगापूर त्यांनीच तिथे नेऊन ठेवलंय. मंगळवारी रात्री साडेअकराला मुंबईच्या सहार विमानतळावरून विमान सुटलं की बुधवारी आपल्याकडच्या पावणेपाचला ते ऑकलंडला टेकणार. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असणार. त्यापुढे तासाभरात सावनीच्या घरून फोन.

यमुनाबाईंना किलोमीटरांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, वार कुठला. मंगळवार म्हटल्यावर पंचांग काढलं, चष्मा लावला, आणि मंगळवार तो मंगळवार वर भद्रा, हे बघून पंचांग मिटून मांडीवर ठेवलं. तिकीट बदलून घ्या म्हणाल्या. चिंतामणींनी कपाळाला हात लावला. विमानाचं तिकीट म्हणजे काय गणपतीपुळ्याच्या गाडीचं आरक्षण आहे, असं ते म्हणाले, आणि मग दोघांचं चांगलंच वाजलं.

आता यमुनाबाईंचं हे निव्वळ खूळ नव्हतं, हेही सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांचे यजमान भिकाजीपंत असेच अवसेच्या दिवशी कोल्हापूरला निघाले होते, आंब्याच्या ट्रकमधून. निदान प्रस्थान तरी ठेवा म्हटलं तर हसले आणि ट्रकात चढून बसले. घाटात ट्रक कलंडला. त्या दिवसांत वासंती खिंडारातून आली ती महिनाभर परत गेलीच नाही म्हणाना. यमुनाबाई रात्रंदिवस एकच म्हणत, मी अडवायला हवं होतं. तेव्हा वासंतीने त्यांना दरडावून सांगितलं होतं, “मुहूर्ताने माणूस जात नाही, ताई. ब्रेकने जातो.” त्या बोलण्याने यमुनाबाई उठून जेवायला लागल्या हे खरं. पण पटलं होतं असं नाही.

म्हणून त्यांनी आता अट घातली. दिवस बदलत नसेल तर प्रस्थान ठेवायचं, नाहीतर मी फाटकात आडवी पडेन. प्रस्थान म्हणजे असं की, निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, आपला नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. ते घराबाहेर पडलं की माणूस निघाला असंच धरायचं. मग प्रत्यक्ष निघताना ते बोचकं उचलायचं आणि सोबत न्यायचं. फक्त ज्याच्याकडे ठेवायचं ते घर प्रवासाच्या दिशेला हवं. इथे पुन्हा वाद. वासंती आधी मुंबईला जाणार, ती उत्तरेला, आणि उत्तरेला तर आळीतला हौद. पण चिंतामणी, जे या सगळ्याला भाकडकथा म्हणत होते, त्यांनीच पृथ्वीगोल फिरवून निकाल दिला की ऑकलंड येतं आग्नेयेला, आणि यमुनावहिनींचं घर आपल्या घराच्या बरोब्बर आग्नेयेला आहे.

वासंती हसली, पण नाही म्हणाली नाही. शुक्रवारी सकाळी तिने नारळाला हळदकुंकू लावलं, पांढऱ्या पंच्यात सगळं बांधलं आणि खिंडारातून पलीकडे जाऊन यमुनाबाईंच्या माजघरातल्या फडताळात ठेवलं. यमुनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, झालं, आता तू निघालीस. त्या दिवसापासून त्या वासंतीला निघालेलीच धरून चालल्या. शनिवारी ती विरजण मागायला आली तर, अगं, तू गेलीयस ना, मग विरजण कसलं मागतेस, म्हणून तिची टर उडवली. वासंतीही कमी नव्हती. भूत समजून द्या, म्हणाली, पण द्या.

आणि सोमवारी घोळ झाला.

झालं असं. यमुनाबाईंना रात्री वाटलं, फडताळात उंदीरबिंदीर फिरतात, त्यापेक्षा बोचकं देवाजवळ असलेलं बरं. म्हणून त्यांनीच ते उचलून देवघरात समईशेजारी ठेवलं. सोमवारी सकाळी त्यांच्याकडे कामाला येणारी तुळसा देवघर पुसत होती. समई कलली आणि पंच्याला तेल लागलं. तुळसा बिचारी मनापासून काम करणारी. पंचा खराब झाला म्हणून तिने तो सोडला, तांदूळ डब्यात ओतले, सुपारी आणि हळकुंड पूजेच्या तबकात टाकलं, नारळ देवाखालच्या नारळांच्या रांगेत लावला आणि पंचा साबण लावून धुवून दोरीवर घातला. यमुनाबाई तेव्हा आगरात माडांना पाणी सोडत होत्या. त्यांना ठाऊकच नाही.

त्यांना आज वासंतीसाठी ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या होत्या. विमानात काय मिळेल कोण जाणे, आपलं दोन दिवस टिकेल असं काहीतरी हवं. सारण कोरडं परतायचं, तळणी खमंग ठेवायची, असं मनाशी बोलत त्या आत आल्या, देवाखालचा हाताला आला तो नारळ घेतला, फोडला, पाणी भांड्यात धरलं आणि विळीवर खवायला बसल्या. एक वाटी खवून झाली. दुसरी निम्मी झाली असेल. तेवढ्यात त्यांचं लक्ष परसात गेलं. दोरीवर पांढरा पंचा वाऱ्यावर फडफडत होता.

यमुनाबाईंनी विळी तशीच सोडली. त्या उठून देवघरात गेल्या. समईशेजारी काही नाही. तुळसाला हाक मारली, विचारलं, आणि तिने सरळपणाने सगळं सांगितलं. यमुनाबाईंनी परत येऊन करवंटी उलटी करून बघितली. तिच्यावर हळदकुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

तुळसाला त्या काही बोलल्या नाहीत. बोलणार काय, बोचकं फडताळातून हलवलं कुणी? त्यांनी स्वतः. प्रस्थानाचा हट्ट धरला कुणी? त्यांनी स्वतः. आणि विळीवर बसून तो नारळ खवला कुणी? अगदी स्वतःच्या हाताने, गुणगुणत. विळीसमोर बसल्या बसल्या त्यांना रडूच फुटलं. वासंतीला जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं. पण ती आधीच बॅगा भरून भरून रिकाम्या करतेय, रात्री झोपत नाही, पट्टा कसा बांधायचा ते दहादा विचारतेय. तिला जाऊन सांगायचं काय, तुझं प्रस्थान मी खवलं म्हणून? आणि नवं ठेवायचं तर निघेपर्यंत एक वेळ धड नव्हती. पंचांग दोनदा बघून झालं.

मग त्यांनी आपल्या आगरातला एक चांगला नारळ सोलला. नवे तांदूळ, नवी सुपारी, नवं हळकुंड काढलं. पंचा निखाऱ्याच्या इस्त्रीने वाळवला, नारळाला हळदकुंकू लावलं, गाठ मारली आणि बोचकं फडताळात होतं तिथे ठेवलं. तुळसाला शपथ घातली. राहिलं ते खवलेलं खोबरं. टाकावं तर अशुभ, आपण खावं तर त्याहून वाईट. शेवटी त्यांनी ठरवलं, जिचा नारळ तिच्याबरोबर जाऊ दे. आणि त्याच्याच करंज्या केल्या. सारण ढवळताना सारखं मनात येत होतं, खवलेलं, साखरेत परतलेलं आणि तुपात तळलेलं प्रस्थान देवाच्या लेखी धरतात की नाही? हे कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

मंगळवारी सकाळी वासंती निघाली. नवं नऊवारी नेसायचं की पाचवारी, यावर आदल्या दिवशी खल होऊन पाचवारी ठरलं होतं. खिंडारातून न येता ती आज फाटकातून आली, यमुनाबाईंच्या पाया पडली, फडताळातलं बोचकं उचललं. एकदा हातावर तोललं आणि पिशवीत ठेवलं. यमुनाबाईंनी करंज्यांचा डबा दिला. वासंतीने त्यांच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसती येते म्हणाली आणि रिक्षात बसली. चिंतामणी तिला स्टेशनवर सोडून आले. मुंबईला पुतण्या उतरवून घेणार होता आणि रात्री विमानतळावर पोचवणार होता.

बुधवारी सकाळी पुतण्याचा फोन आला की काकू वेळेवर आत गेल्या, विमान वेळेवर सुटलं. चिंतामणींनी ही बातमी खिंडारात येऊन दिली. यमुनाबाई हो म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या ती पेटवलीच नाही. अन्न गोड लागेना. दुपारी तर त्या उठून सरळ शेजारी जाऊन बसल्या. फोन चिंतामणींच्या ओटीवर होता. यमुनाबाई झोपाळ्यावर, तुळसा जोत्यावर, आणि चिंतामणी फोनजवळ खुर्चीत, मांडीवर पृथ्वीगोल.

चिंतामणींचं एक बरं होतं. ते अखंड बोलत होते. आता सिंगापूर सोडलं. आता जावा मागे पडलं. आता ऑस्ट्रेलिया. केवढा हा ऑस्ट्रेलिया, संपतच नाही मेला. यमुनाबाई मधूनच विचारत, विमान परत फिरवतात का हो कधी? एखाद्याने पाण्यात उतरवलं तर? चिंतामणी त्यांना धीर देत होते आणि जीव मुठीत धरून दोरा बोटाला गुंडाळत होते. पावणेपाच झाले तेव्हा त्यांनी ऑकलंडवर बोट ठेवलं आणि म्हणाले, टेकलं. अगदी असं म्हणाले की यमुनाबाईंना वाटलं, यांना दिसलंच.

पण फोन वाजला नाही.

पाच झाले, साडेपाच झाले. बॅगा यायला वेळ लागतो, चिंतामणी म्हणाले. सहाला म्हणाले, घर विमानतळापासून लांब आहे. साडेसहाला त्यांनी दोरा पुन्हा काढला आणि पृथ्वीगोलावर धरला, पण आता ताणून नाही, जरा सैलच. विमान काही दोरीवरून चालत नाही, ते वळसे घेतं, असं म्हणत त्यांनी अंतर पाचशे किलोमीटरने वाढवलं. मग वारा समोरून असेल म्हणून वेग कमी केला. थोड्या वेळाने सिंगापूरहून उशिरा सुटलं असेल म्हणाले. ज्या माणसाने आठवडाभर पावणेपाच सोडून दुसरी वेळ तोंडातून काढली नव्हती, तो एकेक तास देत चालला होता. यमुनाबाईंना ते बघवेना. सात वाजता तुळसाने दिवा लावला तेव्हा दोरा इतका सैल झाला होता की त्यात श्रीलंका मावली असती.

सावनीचा नंबर लावून बघू, असं ते उठले. लावला. पलीकडे नुसती घंटा वाजत राहिली. घरात कुणी नाही म्हणजे सावनी आणि जावई अजून विमानतळावरच, म्हणजे विमान अजून... चिंतामणींनी रिसीव्हर ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

मग यमुनाबाईंना राहवलं नाही. झोपाळा पायाने थांबवून त्या म्हणाल्या, “भावजी, प्रस्थानाचा नारळ मी फोडला. सोमवारी. चुकून. बोचक्यात गेलाय तो माझ्या आगरातला.”

आणि मग सगळं सांगितलं. समई, पंचा, विळी, करंज्या, काही ठेवलं नाही. सांगताना भिकाजीपंतांचं नाव आलं, जे त्या कधी घेत नसत. माझ्या हाताला यशच नाही म्हणाल्या. ज्याला ज्याला मी वाटेला लावते, त्याची वाट मीच मोडते.

चिंतामणी ऐकत होते. त्यांनी पृथ्वीगोल उचलून खाली जमिनीवर ठेवला. यमुनाबाईंना वाटलं, आता हे आपल्याला घराबाहेर काढणार, आणि काढलं तरी बरोबरच आहे. पण ते त्यांच्यासमोर येऊन खुर्चीत बसले.

“नारळाने अंतर वाढत नाही, वहिनी,” ते म्हणाले. “हे मी तुम्हाला सांगतोय. पण मला आत्ता कुणीतरी सांगायला हवंय.”

आणि त्यांनी डोळ्यांना खांद्यावरचा पंचा लावला. तुळसा जोत्यावरून उठून आत गेली आणि देवापुढे उभी राहिली. ओटीवर दोघं म्हातारी माणसं एकमेकांकडे न बघता बसून राहिली. आळीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं तर दोघंही दचकली.

आठ वाजून गेल्यावर फोन वाजला. लांबलचक, परदेशचा असतो तसा.

चिंतामणींनी धडपडत उचलला, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तर या माणसाने पहिला प्रश्न काय विचारावा? “विमान किती वाजता टेकलं?” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. ते ऐकून चिंतामणींचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. पावणेपाच, ते यमुनाबाईंकडे वळून म्हणाले. पावणेपाच! दोन मिनिटं आधीच. मग एकदम ते हुंदके देत, बरी आहेस ना गं, बरी आहेस ना, एवढंच विचारत राहिले.

यमुनाबाईंचा जीव भांड्यात पडला. झोपाळ्याची कडी धरून त्या जागच्या जागी बसल्या होत्या. चिंतामणी ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांना सांगत होते. विमान वेळेवर पोचलं. बॅगाही लगेच आल्या. अडलं ते पुढे. त्या देशात बाहेरचं बी-बियाणं, फळ, धान्य काही आत येऊ देत नाहीत, आणि हिने पिशवीतून काढला नारळ, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड. मोडक्यातोडक्या इंग्रजीत हिने त्यांना प्रस्थान समजावून सांगितलं. ते ऐकून घेणारे दोघे होते, ते तिघे झाले, मग मोठा साहेब आला. माणसं भली होती, हसून बोलत होती, पण नारळ सोडायला तयार नव्हती. आणि ही नारळ द्यायला तयार नव्हती. जावई आणि पोटुशी सावनी बाहेर ताटकळत उभे. शेवटी हिने दिला, सगळे घरी आले, आणि घरी आल्याबरोबर फोन.

चिंतामणी एकदम थांबले. रिसीव्हर पुढे करत म्हणाले, तुम्हाला देतेय.

यमुनाबाई उठल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. काही बोलायच्या आत रडूच आलं, आणि त्या रडण्यातच त्यांनी सांगायला सुरुवात केली की वासंती, तो नारळ तुझा नव्हता गं.

“ठाऊक आहे,” वासंती म्हणाली. आवाज जरा मागून येत होता, पण स्पष्ट. “माझा नारळ एवढासा होता, ताई. हा केवढा जड. तुमच्या आगरातला नारळ मी चाळीस वर्षं फोडतेय, हाताला कळणार नाही होय? तुमचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. बोलले असते तर तुम्ही मला जाऊच दिलं नसतं.”

“मग तू तिथे भांडलीस कशाला त्या नारळासाठी?”

“तुम्ही दिलेला होता म्हणून.”

पदराने डोळे पुसत यमुनाबाई नुसत्या हं हं करत राहिल्या. मग वासंती आवाज खाली आणून बोलू लागली, शेजारी सावनी ऐकत असावी.

“आणि माझा कुठे गेला तेही मला कळलं होतं. सोमवारी तुमच्याकडून तळणीचा वास आला होता ना, त्यावरून. मी काही मानत नाही, ताई, तुम्हाला माहितीय. पण ते विमान सुटताना असं थरथरायला लागलं, की डबा मांडीवर घेतला आणि जो उघडला तो ऑकलंड येईपर्यंत मिटला नाही. सगळ्या मी खाल्ल्या. शेजारी एक भली बाई होती, ती वळून वळून बघत होती, तिलाही एक दिली नाही. म्हटलं, जेवढा निघालाय तेवढा सगळा पोचला पाहिजे.”

मागून सावनीचा आवाज येत होता, की अगं आई, ताट वाढलंय, भूक नाही काय म्हणतेस.

यमुनाबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं, फोनची वायर ताणून, थेट जमिनीवर, आणि हसता हसता पुन्हा रडल्या. चिंतामणी घाबरून काय झालं, काय झालं विचारायला लागले. त्यांना हाताने गप्प करून यमुनाबाई फोनमधे म्हणाल्या, ओवा खा आणि झोप आता.